गांधीजी आणि गिअर रेशोचं कोडं

समजा तुमच्या मित्राकडे आजोबांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी आहे. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, चार स्पीड. मित्राने हौसेने इंजिन ट्यून करून घेतलं. कार्बुरेटर बदलला, कॅमशाफ्ट बदलला. इंजिनाची ताकद वाढली. पण पहिल्याच घाटात लक्षात आलं की गाडीला पूर्वीइतकीही ओढ राहिली नाही.

जाणता मेस्त्री अशा वेळी इंजिनाला हात लावणार नाही. तो विचारेल, गिअर रेशो बदलले का?

जवळपास हाच प्रश्न १९३०च्या दशकात वर्ध्यात एक माणूस सोडवत बसला होता. तो इंजिनिअर नव्हता, बॅरिस्टर होता. त्याच्यासमोर मोटार नव्हती, चरखा होता. आणि त्या चरख्याचं इंजिन होतं खेड्यातल्या उपाशी बाईचा हात.

गांधीजींचं चरित्र आपण मीठ, उपोषण, तुरुंग आणि चळवळी यांतून वाचतो. आज ते एका वेगळ्या बाजूने पाहू. किती फेऱ्यांना किती फेरे, या छोट्या गणिताच्या बाजूने.

आधी गिअर रेशो समजून घेऊ

सायकलवर चढ आला की आपण काय करतो? पुढचं चाक छोटं आणि मागचं मोठं होईल असा गिअर टाकतो. पॅडल हलकं होतं, पण जास्त वेळा मारावं लागतं. उतारावर उलटं. ताकद आणि वेग यांचा हा सौदा आहे. एक वाढवलं की दुसरं कमी होतं. गिअर काहीच फुकट देत नाही.

ट्यून केलेल्या इंजिनाची अडचण अशी असते की त्याची ताकद वरच्या फेऱ्यांना येते. समजा ते मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वरच जोर धरतं. तुम्ही ५,५०० फेऱ्यांना दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकला. दुसऱ्याचा रेशो २ आणि तिसऱ्याचा १.४ असेल तर फेऱ्या एकदम ३,८५० वर येतात. इंजिन गळून जातं. तिसऱ्याचा रेशो १.६ केला, तर फेऱ्या ४,४०० वर थांबतात आणि गाडी ओढत राहते.

याशिवाय मागच्या ॲक्सलमध्ये आणखी एक रेशो असतो. गिअरबॉक्सचा आणि ॲक्सलचा असे दोन्ही रेशो गुणले की अंतिम हिशोब मिळतो. घाटासाठी एक, हायवेसाठी दुसरा. म्हणून रेशो निवडताना दोनच प्रश्न विचारायचे. इंजिन कसलं आहे? आणि रस्ता कसला आहे?

हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

फिनिक्समधली ती रात्र

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. लंडनला कायदा शिकून १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. १९०४ मध्ये त्यांनी डरबनजवळ फिनिक्स इथे वसाहत उभी केली आणि ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक तिथे हलवलं.

छापखान्यासाठी तेलावर चालणारं इंजिन आणलं होतं. ते बंद पडलंच तर हाताने फिरवायचं एक चाकही बसवून ठेवलं होतं. फिनिक्समधला पहिलाच अंक छापायची वेळ आली आणि इंजिन रुसलं. खूप खटपट केली, चालू होईना. हातचाक फिरवायला एका वेळी चार माणसं लागायची. वसाहतीतली माणसं अपुरी पडली. तिथे कामाला आलेले सुतार झोपले होते. त्यांना उठवलं. रात्रभर पाळीपाळीने चाक फिरवून काम पुढे नेलं, सकाळी इंजिन चालू झालं आणि अंक निघाला.

या रात्रीची गोष्ट गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. अंकाचा मूळ आकार रोजच्या वर्तमानपत्राएवढा होता. तो आधीच लहान करण्यात आला होता, म्हणजे अडचणीच्या वेळी पायाने चालणाऱ्या छोट्या यंत्रावरही अंक छापता यावा. पुढे एक काळ असा आला की इंजिन मुद्दाम बाजूला ठेवून हाताच्याच जोरावर छपाई चालली.

इंजिन कमकुवत असेल तर यंत्राची मागणी कमी करा, ही मेस्त्रीची रीत तिथे पहिल्यांदा दिसते. ती पुढे चाळीस वर्षं टिकली.

न पाहिलेल्या चरख्याचा आग्रह

१९०९ मध्ये गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं. त्यात हातमागाचा पुरस्कार होता. गंमत म्हणजे तोवर त्यांनी ना हातमाग पाहिल्याचं त्यांना आठवत होतं, ना चरखा. हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलं.

१९१५ मध्ये ते भारतात परतले आणि अहमदाबादला आश्रम सुरू केला. १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठावर गेला. आश्रमात माग बसले, कापड निघू लागलं. पण सूत गिरणीचं होतं. म्हणजे गिरणीवरचं अवलंबून राहणं संपलं नव्हतंच. हाताने सूत काढायचं तर चरखा हवा. तो शोधायचा कुठे?

१९१७ मध्ये भडोचला त्यांची गंगाबेन मजमुदार यांच्याशी ओळख झाली. या बाईंनी गुजरातभर फिरून अखेर बडोदा संस्थानातल्या विजापूर गावात चरखे शोधून काढले. अनेक घरांत ते माळ्यावर टाकून दिलेले होते. पेळू मिळाले आणि सूत विकत घेणारं कुणी असलं तर कातायला तयार आहोत, असं तिथल्या बायकांनी सांगितलं.

चरखा आश्रमात आला आणि गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी यांच्या हाती पडला. मगनलाल यांची बुद्धी यंत्राची होती. त्यांनी चरख्यात सुधारणा सुरू केल्या आणि आश्रमातच चरखे बनू लागले.

एका वाराला ६५० फेरे

चरख्यात नेमकं काय होतं? मोठं चाक हाताने फिरवायचं. त्यावरून एक माळ, म्हणजे दोरी, जाते आणि बारीक चातीला फिरवते. चाती गरगर फिरते आणि कापसाच्या पेळूतून ओढलेल्या तंतूंना पीळ बसतो. पीळ बसला की धागा झाला.

किती पीळ हवा, याचं वस्त्रोद्योगात ठरलेलं गणित आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक. साधारण २० नंबरच्या सुताला इंचाला १८ च्या आसपास पीळ लागतात. १२ नंबरच्या जाड सुताला १४ पुरतात. ४० नंबरला पंचवीस लागतात.

म्हणजे २० नंबरचं एक वार सूत काढायचं तर १८ गुणिले ३६, म्हणजे सुमारे ६५० वेळा चाती फिरली पाहिजे. फक्त एका वारासाठी.

आता रेशो काढू. समजा चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे आणि चातीवरच्या गिरकीचा १ सेंटिमीटर. चाक एकदा फिरलं की चाती ६० वेळा फिरेल. मोटारीत गिअर फेऱ्या कमी करून ओढ वाढवतो. चरख्यात उलट आहे, ओढ देऊन फेऱ्या विकत घ्यायच्या.

डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी महिन्याला २,००० वार सुताची अट आली. वरच्या हिशोबाने २० नंबरचं २,००० वार सूत म्हणजे चातीचे सुमारे १३ लाख फेरे. रेशो ६० असेल तर हाताने चाक २१,६०० वेळा फिरवायचं. रेशो ९० केला तर १४,४०० वेळा.

मग रेशो वाढवतच का नेला नाही? १५० करा, ३०० करा!

इथे चार अडथळे येतात. पहिला, हात. रेशो वाढला की चाक जड लागतं. तासभर ठीक आहे, आठ तास कोण फिरवणार? दुसरा, माळ. गिरकी फार बारीक केली की माळेला पकड मिळत नाही, ती घसरते. कागदावर रेशो १५० असतो, प्रत्यक्षात १०० सुद्धा मिळत नाही. तिसरा, चाती. ती जराशी वाकडी असली तरी जास्त वेगात थरथरते आणि धागा तुटतो. चौथा अडथळा सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्या हाताने पेळू ओढायचा वेग चातीच्या वेगाशी जुळला पाहिजे. चाती पुढे पळाली तर जादा पीळ बसून धाग्याला गाठी पडतात. मागे राहिली तर सूत कच्चं निघतं आणि मागावर तुटतं.

ट्यून केलेल्या गाडीत फक्त इंजिन सुधारून भागत नाही, तसं चरख्यात फक्त चाकाचा वेग वाढवून भागत नाही. पेळू नीट हवा, चाती सरळ हवी, माळेला ताण हवा आणि रेशो या सगळ्यांना झेपेल असा हवा.

यरवड्याची पेटी

२३ एप्रिल १९२८ रोजी मगनलाल यांचं पाटण्यात निधन झालं. गांधीजींच्या दृष्टीने तो आश्रमाचा कणा मोडण्यासारखा आघात होता.

दोन वर्षांनी दांडीयात्रा झाली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि जानेवारी १९३१ पर्यंत ते पुण्याच्या यरवडा तुरुंगात होते. हातात वेळ होता. समोर एक व्यावहारिक अडचणही होती. मोठ्या चाकाचा चरखा घेऊन प्रवास करता येत नाही. चाक लहान केलं तर रेशो घटतो.

यावर जो तोडगा विकसित झाला तो ‘यरवडा चक्र’ किंवा पेटी चरखा म्हणून ओळखला जातो. तुम्ही फोटोत पाहिलेला, पुस्तकासारखा उघडणारा लाकडी डबा तो हाच.

त्याची युक्ती आता तुम्हाला लगेच कळेल. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं आडवी ठेवायची. पहिलं चाक दुसऱ्याला फिरवतं आणि दुसरं चातीला. या दुसऱ्या चाकाला गतिचक्र म्हणतात. समजा पहिला टप्पा ४ पट वेग देतो आणि दुसरा १५ पट. ४ गुणिले १५, म्हणजे ६०. साठ सेंटिमीटरच्या चाकाचं काम छोट्या पेटीत झालं. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांचे रेशो गुणले जातात, अगदी तसंच.

आणि कुठल्याही एका टप्प्यात गिरकी फार बारीक करावी लागत नाही, त्यामुळे माळ घसरण्याचं दुखणंही कमी होतं. काम झालं की झाकण लावायचं आणि पेटी हातात घेऊन आगगाडीत बसायचं.

१९३२ मध्ये गांधीजी पुन्हा यरवड्यात होते. हात दुखू लागला तेव्हा त्यांनी मगन चरखा शिकून घेतला. त्यांच्याच कुटुंबातल्या प्रभुदास गांधी यांनी बनवलेला हा चरखा पायाने चालतो. पाय मोकळेच असतात आणि हातापेक्षा दमदार असतात. दोन्ही हात सुटे झाले, म्हणून दोन चात्यांवर दोन धागे एकाच वेळी काढता येतात. इथे रेशोला हात न लावता इंजिन बदललं होतं.

एक लाखाचं बक्षीस

थोडं मागे जाऊ. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला होता. १९२९ मध्ये संघाने जाहिरात दिली. उत्तम चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये! त्या काळातले एक लाख.

अटी वाचल्या की त्यामागचा मेस्त्री दिसतो. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालायला हवं. बाईला फार श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावं. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावं आणि वर्षाचा दुरुस्ती खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

आता आपण शिकलेलं गणित लावू. १६,००० फूट म्हणजे १,९२,००० इंच. २० नंबरला इंचाला १८ पीळ धरले तर सुमारे ३४ लाख ५६ हजार फेरे. आठ तासांत भागले तर सेकंदाला १२०, म्हणजे मिनिटाला ७,२०० फेरे. तेही एकदाही न थांबता. साध्या चरख्यात काढलेला धागा चातीवर गुंडाळायला थांबावंच लागतं, म्हणजे खरा वेग याहून जास्त हवा.

तुलनेसाठी, हेन्री फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचं इंजिन २० अश्वशक्ती द्यायचं ते मिनिटाला १,६०० फेऱ्यांना. आणि सशक्त माणूस पायाने दिवसभर काम करतो तेव्हा साधारण एक दशांश अश्वशक्ती देतो. हाताने त्याहूनही कमी.

एकाच चातीवर हे होणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे अनेक चात्या हव्यात. चात्या वाढल्या की भाग वाढतात, भाग वाढले की जडपणा, किंमत आणि दुरुस्ती वाढते. एक अट पुरी करायला गेलं की दुसरी मोडायची. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही या बक्षिसासाठी यंत्र तयार केलं. शेवटी सगळ्या अटी एकत्र पुऱ्या करणारं यंत्र कुणाचंच ठरलं नाही. एक लाख रुपये तसेच राहिले.

गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, असं आपण सहज म्हणून टाकतो. शिवणयंत्राला मात्र ते उपयोगी यंत्र मानत. आणि या जाहिरातीतून दिसतो तो यंत्राचा शत्रू नव्हे, फार कडक गिऱ्हाईक.

वर्ध्याचं वर्कशॉप

१९३३ मध्ये गांधीजींनी साबरमती आश्रम सोडला आणि ते वर्ध्याला आले. बोलावणारे होते जमनालाल बजाज. विनोबा भावे १९२१ पासूनच वर्ध्यात होते.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी त्यासाठी आपला बगिचा आणि घर दिलं. त्या जागेला नाव मिळालं मगनवाडी, मगनलाल यांच्या आठवणीत. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी संघाचं काम सांभाळलं. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ अशा अनेक उद्योगांवर तिथे प्रयोग झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथेच मगन संग्रहालय सुरू झालं.

आपल्या गोष्टीतला दुसरा प्रश्न आठवतो? रस्ता कसला आहे? वर्ध्यात त्याचं उत्तर समोरच होतं. कापसाचा मुलूख. शेतात कापूस पिकतो, तो गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत विकत घ्यावा लागतो. गावात लोहार आहे, सुतार आहे, पण लेथ मशीन नाही. पावसाळा आणि वेचणी सोडली तर हाताला काम नाही. अशा रस्त्यावर चालणाऱ्या चरख्याचा प्रत्येक भाग गावातच दुरुस्त व्हायला हवा.

एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. पुढे १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि टकळी शाळेत पोहोचली. टकळीला चाक नाही, माळ नाही, रेशोच नाही. बोटांनी गिरकी द्यायची. वेग कमी, पण किंमत जवळजवळ शून्य. मोडली तर मूलही दुसरी बनवू शकतं.

याच वर्तुळात भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन आले. धनुष तकलीच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. धनुष्यासारखी कामठी मागेपुढे ओढायची आणि तिच्या घर्षणाने चाती फिरवायची. चाकच काढून टाकलं! सुटे भाग जितके कमी, तितकी मोडण्याची भीती कमी.

म्हणजे वर्ध्यात एकच आदर्श चरखा नव्हता. प्रवासासाठी पेटी, घरात बसून जास्त सुतासाठी मगन चरखा, गरिबातल्या गरिबासाठी धनुष तकली, मुलासाठी टकळी. रस्ता बदलला की गिअर बदलायचा.

हिशोब पोटाचा

इथवरची गोष्ट यंत्राची वाटेल. पण प्रत्येक रेशोच्या मागे एका बाईची मजुरी होती.

दिवसभर कातून जेमतेम आणा-दोन आणे हाती यायचे. चाती जितक्या वेगाने फिरेल तितकं सूत आणि तितकीच मिळकत. गिरणीतल्या हजारो चात्यांशी या हाताची स्पर्धा होती. मग वेग वाढवायचा, की त्याच वेगाला जास्त दाम द्यायचा?

१९३५ मध्ये गांधीजींनी दुसरी बाजू धरली. कातणारीला तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांना आठ आणे मिळावेत, हे त्यांनी ध्येय म्हणून मांडलं. चरखा संघाने पोटापुरती मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. यावर आतूनच विरोध झाला. मजुरी वाढली की खादी महागणार, महागली की खपणार नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. आठ आण्यांचं ध्येय तेव्हा गाठता आलं नाही. मजुरी वाढली, पण थोडी थोडी.

त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी फक्त कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. कागदावर गणित मांडण्याऐवजी ते स्वतःच इंजिन झाले. इतक्या मजुरीवर जगणं किती कठीण आहे, हे त्यातून आपोआप दिसलं.

गांधीजींच्या निवडीची किंमत इथे कळते. वेग वाढवणारं महागडं, नाजूक यंत्र त्यांनी नाकारलं, कारण ते सगळ्यात गरीब घरात टिकणार नव्हतं. पण साधा चरखा पोट भरण्याइतकं सूत देत नव्हता, हेही तितकंच खरं. हा पेच त्यांच्या हयातीत सुटला नाही. त्यांनी तो झाकलाही नाही.

सेवाग्रामहून हेन्री फोर्डकडे

आता एक मोटारवाला या गोष्टीत येतो, तोही जगातला सगळ्यात प्रसिद्ध.

हेन्री फोर्डने मॉडेल टी १९०८ मध्ये बाजारात आणली. १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. त्या गाडीला पुढे जायला दोनच गिअर होते. मागच्या ॲक्सलचा नेहमीचा रेशो ३.६४ होता, म्हणजे ४० दात्यांना ११ दाते. वेगाचे शौकीन तो काढून ३९ ला १३, म्हणजे ३ चा रेशो बसवायचे. डोंगराळ भागातले लोक ४० ला १०, म्हणजे ४ चा. गाडी एकच, रस्त्याप्रमाणे दाते वेगळे.

जुलै १९४१ मध्ये फोर्डने गांधीजींना एक छोटं पत्र लिहिलं. त्यांच्या जीवनाबद्दल आणि संदेशाबद्दल आदर व्यक्त करणारं. टी. ए. रामन या पत्रकारामार्फत ते डिसेंबरमध्ये गांधीजींपर्यंत पोहोचलं. जग तेव्हा महायुद्धात होतं. गांधीजींनी उत्तरादाखल स्वतः वापरलेला, सही केलेला पेटी चरखा फोर्डला पाठवला. तो समुद्रमार्गे अमेरिकेत, डिअरबॉर्नला पोहोचला.

विचार करा. ज्याने माणसाच्या हातातलं काम यंत्राच्या पट्ट्यावर टाकून जग बदललं, त्याच्याकडे माणसाच्या हाताला जपणारं यंत्र गेलं. दोघांचा रस्ता उलटा होता. पण झाकण उघडून आतली दोन चाकं पाहिल्यावर त्यातलं गणित फोर्डला वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

शेवटी उरलं काय?

फेब्रुवारी १९४२ मध्ये जमनालाल बजाज गेले. ऑगस्टमध्ये गांधीजींना पुन्हा अटक झाली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते सेवाग्रामहून निघाले, ते परत आलेच नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

त्यानंतर काही वर्षांत तमिळनाडूतल्या एकंबरनाथन यांच्या कल्पनेतून अंबर चरखा आला. त्यात अनेक चात्या होत्या आणि पेळू हाताने ओढण्याऐवजी रोलर होते. म्हणजे चातीचा वेग आणि ओढण्याचा वेग जुळवायचं जे कौशल्य बोटांत होतं, ते आता खऱ्याखुऱ्या गिअरमध्ये उतरलं. १९५० च्या दशकात सरकारने त्याचा मोठा प्रसार केला. एक लाखाच्या बक्षिसाने विचारलेल्या प्रश्नाच्या तो बराच जवळ गेला, पण तोवर विचारणारा राहिला नव्हता.

कधी वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयात आणि सेवाग्राम आश्रमात चरखे नक्की पाहा. फोटो काढण्याआधी एक काम करा. मोठ्या चाकापासून चातीपर्यंत माळ कशी जाते, ते बोटाने हवेत रेखाटून पाहा. कुठे किती पट वेग वाढला, ते मोजा.

आणि तुमच्या त्या पद्मिनीवाल्या मित्राला सांगा, सगळ्यात जास्त वेग देणारा रेशो शोधू नकोस. आधी आपलं इंजिन किती दमाचं आहे ते बघ, मग रस्ता बघ. गांधीजींनी तेच केलं. फरक इतकाच, की आपण रेशो निवडताना आपल्या गाडीकडे बघतो. त्यांनी तो निवडताना रस्त्यावरच्या सगळ्यात थकलेल्या माणसाकडे पाहिलं.